राखीव प्रत कोठे ठेवावी?

२१ मार्च २०२१, रविवार. पहाटे अडीचच्या सुमारास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातील एमआयडीसीच्या, संगणकयंत्रणेने आपोआप इशारा दिला : कामे बंद पडली आहेत. या महामंडळाचे मुख्यालय मुंबईच्या उपनगरात, अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफा रस्त्यावर आहे. दिवसभरात तपासणी झाली तेव्हा उलगडा झाला. मुख्यालयातील सर्व्हरवर साठवलेली माहिती कोणीतरी कुलूपबंद करून टाकली होती. इतर कार्यालयांतील काही संगणकांनाही हीच बाधा झाली होती. चोरांनी एक चिठ्ठीही मागे ठेवली होती. माहिती परत हवी असल्यास आमच्याशी संपर्क कसा साधावा, हे तिच्यात लिहिले होते. वृत्तपत्रांतून कोट्यवधी रुपयांच्या मागणीचे आकडे आले. परंतु चिठ्ठीत रकमेचा थेट उल्लेख नव्हता, असे महामंडळाने आपल्या निवेदनात स्पष्ट केले.

विषाणुरोधक आज्ञावली बसवलेली नव्हती काय? होती. पण ही आज्ञावली मुख्यतः रखवालदारासारखी असते. ज्या चोरांची छायाचित्रे त्याच्याकडे आहेत त्यांना तो दारातच अडवतो. नवा चेहरा मात्र सुटून जाण्याचा संभव असतो. या वेळी आलेल्या ‘सिनॅक’ नावाच्या रॅन्समवेअरची, म्हणजे खंडणीखोर आज्ञावलीची, माहिती रखवालदाराकडे नव्हती.

त्याच निवेदनात आणखी एक वाक्य होते आणि आपल्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. निरनिराळ्या सर्व्हरांवरील माहितीच्या राखीव प्रती जाळ्याच्या वेगळ्या भागात आणि दूरच्या क्लाउड केंद्रात ठेवलेल्या आहेत, असे महामंडळाने सांगितले होते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही संगणकात बारावीचा प्रकल्प, वर्षभराच्या टिपणवह्या, घरातील समारंभांची छायाचित्रे असतील. शिक्षकांच्या संगणकात गुणपत्रके असतील. “आम्ही प्रत काढून ठेवली आहे,” असे पुष्कळजण सांगतात. पण प्रत काढली एवढ्याने भागते का? ती कोठे ठेवली, याला इतके महत्त्व का? हे आज आपण पाहू.

कुलूप कसे लागते?

संगणकातील कोणतीही फाइल, मग ते चित्र असो वा पत्र, म्हणजे अखेर अंकांची एक लांबलचक रांग. समजा ती ५, २, ९ अशी आहे. आता ३, ७, ६ ही एक गुप्त किल्ली घ्या. हातचा न धरता एकेक अंक मिळवा. ५ आणि ३ मिळून ८. २ आणि ७ मिळून ९. ९ आणि ६ मिळून १५, त्यातील ५ ठेवा. मूळ ५२९ चे ८९५ झाले. किल्ली जवळ असेल तर उलट वजाबाकी करून ५२९ परत मिळते. नसेल तर ८९५ वरून काहीच बोध होत नाही. या क्रियेला कूटलेखन म्हणतात. प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या रीती याहून कितीतरी गुंतागुंतीच्या असतात, पण तत्त्व हेच : किल्लीने बंद करायचे, त्याच किल्लीने उघडायचे.

कूटलेखन ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. बँकेचे व्यवहार त्याच्याच आधारे सुरक्षित राहतात. कुलूप तुमचे आणि किल्ली चोराची, असे झाले की घोटाळा होतो.

खंडणीचा असा पहिला प्रसिद्ध प्रयत्न १९८९ साली झाला. एड्स या रोगाची माहिती देतो असे भासवणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी चकत्या टपालाने अनेक देशांत पाठवण्यात आल्या. त्या वापरणाऱ्याच्या संगणकातील फाइलींची नावे काही काळाने बिघडत आणि १८९ डॉलर पनामा येथील टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवा, असा संदेश पडद्यावर येई. या चोराची एक अडचण होती. बंद करण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच असल्यामुळे तज्ज्ञांनी त्याची आज्ञावली उलगडली आणि तिच्यावर उतारा तयार केला.

पुढे ही अडचण दूर झाली. कशी, ते एका छोट्या गणिताने पाहू. बाजारात मिळणारे साधे कुलूप आठवा. ते उघडे असेल तर दाबून बंद करायला किल्ली लागत नाही. उघडायला मात्र लागते. अशी ‘दाबकुलपे’ संख्यांचीही करता येतात. रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली त्याची एक रीत शोधली. तिचे लहान उदाहरण असे :

कोणतीही लहान संख्या घ्या, तिचा घन करा आणि ३३ ने भागून बाकी घ्या. समजा संख्या ४ आहे. ४ चा घन ६४. त्याला ३३ ने भागले की बाकी ३१. हे झाले बंद कुलूप. आता उघडण्यासाठी ३१ चा सातवा घात करून पुन्हा ३३ ने भागायचे. ३१ म्हणजे ३३ उणे २, म्हणून ३१ च्या जागी उणे २ घेतले तरी चालते. उणे २ चा सातवा घात उणे १२८. त्यात १३२, म्हणजे ३३ ची चौपट, मिळवा. उत्तर ४. मूळ संख्या परत आली!

‘घन करा आणि ३३ ने भागा’ हे साऱ्या जगाला सांगितले तरी हरकत नाही. ‘सातवा घात करा’ हे मात्र गुप्त ठेवायचे. ३३ चे ३ आणि ११ हे अवयव ज्याला ठाऊक असतील त्याला हा ७ शोधून काढता येतो. ३३ चे अवयव कोणीही पाडील. पण प्रत्यक्षात ३३ च्या जागी ६१७ अंकी संख्या असते आणि तिचे अवयव पाडणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही.

खंडणीखोर आज्ञावली तुमच्या फाइली आधी एका साध्या, वेगवान किल्लीने बंद करते. मग ती किल्लीच अशा दाबकुलपात घालते आणि मूळ किल्ली पुसून टाकते. दाबकुलूप उघडणारी किल्ली तुमच्या संगणकात कधी आलेलीच नसते. ती पहिल्यापासून चोराकडे असते. अॅडम यंग आणि मोती युंग या दोन शास्त्रज्ञांनी १९९६ सालीच या धोक्याकडे लक्ष वेधले होते.

म्हणून एकदा असे कुलूप लागले की हुशारीने ते उघडेल, अशी आशा बाळगता येत नाही. पैसे दिल्यावर किल्ली मिळेल, याचीही हमी नसते. जून २०१७ मध्ये पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या आज्ञावलीने ३०० डॉलर मागितले. पण पडद्यावर दाखवलेला ओळखक्रमांक निव्वळ यदृच्छेने तयार केलेला असल्यामुळे, पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोयच तिच्यात नव्हती. उरतो एकच खात्रीचा मार्ग : कुलूप लागलेले तसेच सोडून द्यायचे आणि आपली राखीव प्रत काढायची.

चिकटवलेली नाणी

आता प्रश्न असा की, किती प्रती पुरेत? येथे संभाव्यतेचे गणित उपयोगी पडते.

समजा एखाद्या प्रतीचा एका वर्षात नाश होण्याची संभाव्यता १/२० आहे. (हा आकडा केवळ गणितासाठी घेतला आहे.) दोन प्रती असतील तर दोन्ही नष्ट होण्याची संभाव्यता १/२० गुणिले १/२०, म्हणजे १/४००. तीन प्रती असतील तर १/८०००. एकेका प्रतीगणिक धोका वीसपटीने कमी होत जातो.

पण हा गुणाकार केव्हा बरोबर असतो? दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. दोन नाणी उडवली तर दोन्हींवर छाप येण्याची संभाव्यता १/४ असते. आता तीच नाणी एकमेकांना पाठीला पाठ न लावता, दोन्हींचे छाप एकाच बाजूला राहतील अशी गोंदाने चिकटवा आणि उडवा. एकाचा छाप वर आला की दुसऱ्याचाही येणारच. संभाव्यता आता १/४ नव्हे, १/२ आहे. नाणी दोन आहेत, पण वागतात एकासारखी.

राखीव प्रतींचे तसेच आहे. समजा सगळ्या प्रतींना एकदम गाठणाऱ्या संकटाची संभाव्यता १/५० आहे. मग तुम्ही दोन प्रती करा, दहा करा, नाहीतर शंभर करा, सर्वनाशाची संभाव्यता १/५० च्या खाली कधीच येणार नाही. ती खाली आणायची तर प्रतींची संख्या वाढवून उपयोग नाही. त्यांच्यामधला गोंद काढला पाहिजे. हा गोंद चार प्रकारचा असतो.

पहिला गोंद तारेचा. पुष्कळ घरांत बाहेरची हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेली असते. संगणकाला ती जशी दिसते तशी खंडणीखोर आज्ञावलीलाही दिसते. १२ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांत दोन लाखांहून अधिक संगणक बाधित केले. ती संगणकातील फाइलींबरोबर जोडलेल्या डिस्काही कुलूपबंद करी आणि नव्याने एखादी डिस्क जोडली जाते का, यावर पाळत ठेवी. संगणक स्वतःच्या पोटात ज्या जुन्या प्रती ठेवतो त्याही ती पुसून टाकी. तेव्हा प्रत काढून होताच डिस्क सुटी करून कपाटात ठेवली पाहिजे. जी वस्तू जोडलेलीच नाही तिला कुलूप लावता येत नाही.

दुसरा गोंद प्रतिबिंबाचा. क्लाउडवरील काही सोयी अशा असतात की, संगणकात फाइल बदलली की दूरच्या केंद्रातील प्रतही लगेच तशीच बदलते. आरशासमोर उभे राहून गालाला शाई फासली तर प्रतिबिंबाचा गाल स्वच्छ राहतो काय? त्याचप्रमाणे मूळ फाइलीला कुलूप लागले की काही मिनिटांत क्लाउडवरही कुलूपबंद फाइलच जाऊन बसते. बऱ्याच सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस राखून ठेवतात. ती सोय आपल्या खात्यात चालू आहे का आणि किती दिवसांची आहे, हे आजच पाहून ठेवावे.

या दुसऱ्या प्रकाराचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच घडले. मुंबईच्या खाडीपलीकडे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या गटाकडून चालवला जाणारा एक कंटेनर तळ आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने मर्स्कचे जगभरचे संगणक निकामी केले, तेव्हा या तळाचेही कामकाज विस्कळीत झाले. कोणत्या कर्मचाऱ्याला कोठे प्रवेश आहे याची नोंदवही मर्स्कने सुमारे दीडशे सर्व्हरांवर ठेवली होती. दीडशे प्रती! पण त्या सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या, एकमेकींची प्रतिबिंबे असलेल्या. सगळ्या एकदम गेल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतील घाना देशातली. कारण त्या वेळी तेथील वीज गेलेली असल्यामुळे तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्याची डिस्क माणसांनी हातोहात विमानाने लंडनला नेली आणि तिच्या आधाराने पुढची उभारणी झाली. जोडलेल्या दीडशे प्रतींनी जे साधले नाही ते तुटलेल्या एका प्रतीने साधले. मात्र आपण वीज जाण्याची वाट पाहत बसू नये. हे तोडणे आपणच, ठरवून, केले पाहिजे.

तिसरा गोंद जागेचा. डिस्क सुटी करून त्याच टेबलाच्या खणात ठेवली तर चोर, आग आणि पाणी यांना दोन्ही वस्तू एकदमच सापडतात. २६ जुलै २००५ च्या पावसाबद्दल तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरांतील असंख्य तळमजल्यांवर पाणी शिरले. अशा वेळी खणातील प्रत आणि टेबलावरील संगणक यांच्यात काय फरक राहतो? म्हणून एक प्रत दुसऱ्या घरी असावी. मुलुंडच्या कुटुंबाने ती बोरिवलीच्या मावशीकडे ठेवावी, मावशीने आपली मुलुंडला.

चौथा गोंद काळाचा, आणि तो सहज ध्यानात येत नाही. समजा तुमच्याकडे एकच सुटी डिस्क आहे आणि दर रविवारी तुम्ही तिच्यावर नवी प्रत जुनीवर लिहिता. शनिवारी रात्री संगणकात चोर शिरला. रविवारी सकाळी तुम्ही काही न कळता डिस्क जोडली. ती शेवटची चांगली प्रतही गेली. यावर उपाय सोपा आहे. दोन डिस्का घ्या, त्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ अशा चिठ्ठ्या चिकटवा आणि एका रविवारी ‘अ’, पुढच्या रविवारी ‘ब’ वापरा. दोन्ही एकाच वेळी कधीही जोडू नका. ‘अ’ बाधित झाली तरी ‘ब’ आठवड्यापूर्वीची का होईना, शाबूत असेल. मोठ्या संगणक केंद्रांत याच पद्धतीची आजोबा, वडील आणि मुलगा अशी तीन पिढ्यांची साखळी पूर्वापार वापरतात.

माध्यमांचे पदार्थविज्ञान

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी एक सुटसुटीत नियम लोकप्रिय केला : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. दोन प्रकारची माध्यमे कशासाठी?

हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय थरावर लिहिलेली असते. तिला धक्का आणि यांत्रिक बिघाड यांचे भय. पेन ड्राइव्हमध्ये विद्युतरोधकाने वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. वर्षानुवर्षे तसेच ठेवले तर ते हळूहळू झिरपून जातात, म्हणून खणात टाकलेल्या जुन्या पेन ड्राइव्हवर विसंबू नये. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत लेसर किरण रंगद्रव्याच्या थरात कायमचा बदल घडवतो. एकदा लिहून पुरी केलेली अशी तबकडी कोणतीही आज्ञावली नंतर बदलू शकत नाही. तिची धारणशक्ती ४.७ गिगाबाइट एवढीच असते आणि तिला उन्हापासून जपावे लागते; पण दहावी-बारावीच्या निवडक कागदपत्रांना ती पुरेशी आहे. प्रत्येक माध्यमाचे मरण वेगळ्या कारणाने येते, म्हणून दोन वेगळी माध्यमे अधिक स्वतंत्र.

प्रत परत आणून पाहा

उघडून न पाहिलेली राखीव प्रत म्हणजे न तपासलेले उत्तर. तीन महिन्यांतून एकदा डिस्क दुसऱ्याच, निर्धोक संगणकाला जोडा आणि निरनिराळ्या घड्यांतील दहा फाइली उघडून पाहा. शब्द वाचता येतात का, चित्र पूर्ण दिसते का, शेवटची तारीख कोणती? शाळेच्या कार्यालयात हे काम परीक्षेच्या आधी ठेवावे, नंतर नव्हे.

आणि कुलूप लागलेच तर? संगणकाचे इंटरनेट ताबडतोब तोडा. घाबरून राखीव डिस्क जोडू नका. आधी जाणकाराकडून संगणक पूर्ण पुसून नवी कार्यप्रणाली बसवून घ्या, मगच प्रत बाहेर काढा. १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवा. एखादी महत्त्वाची फाइल कोणत्याच प्रतीत नसेल तर कुलूपबंद डिस्क पुसण्याऐवजी जपून ठेवा. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन संगणकसुरक्षा कंपन्या यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही टोळ्यांच्या कुलपांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज नसलेली किल्ली उद्या सापडू शकते.

करून पाहा

१. दोन एक रुपयाची नाणी पन्नास वेळा उडवा आणि दोन्हींवर छाप किती वेळा आला ते मोजा. मग ती चिकटपट्टीने, छाप एकाच बाजूला दिसतील अशी शेजारी शेजारी जोडा आणि पुन्हा पन्नास वेळा उडवा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहून तुलना करा.

२. वरील गणितातील दाबकुलपात ५ ही संख्या घाला. बाकी किती येते? सातवा घात करून ५ परत येतात का?

३. एका कागदावर चार स्तंभ आखा : फाइल, पहिली प्रत कोठे, दुसरी प्रत कोठे, शेवटची कधी उघडून पाहिली. घरातील दहा महत्त्वाच्या फाइलींची नावे भरा. मग प्रत्येक ओळीपुढे तार, प्रतिबिंब, जागा आणि काळ यांपैकी कोणता गोंद शिल्लक आहे ते लिहा. ज्या ओळीत सर्वांत जास्त गोंद असेल तेथून येत्या रविवारी कामाला सुरुवात करा.